सासऱ्यांच्या शेतीची फाईल: इंग्लंडमधल्या अनुदानाचं माझं पहिलं वर्ष

परवा मेंढ्यांची वार्षिक मोजदाद ऑनलाइन भरून पाठवली आणि 2025 मधला शेवटचा सरकारी कागद हातावेगळा झाला. इंग्लंडमध्ये नोकरी सांभाळून सासरच्या शेतीचे कागद बघणारी मराठी माणसं फार नसतील, पण आहेत. मला भेटलेल्या दोघींनीही एकच विचारलं: सुरुवात कुठून करायची? त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यात सांगत बसण्यापेक्षा सगळं ओळीने लिहून काढते.

मी निफाड तालुक्यातली. घरी कांदा आणि थोडी द्राक्षं. लग्नानंतर श्रॉपशरमध्ये, वेल्सच्या सीमेलगत आले. सासऱ्यांची शेती 34 हेक्टर, म्हणजे सुमारे 84 एकर. आपल्याकडे एवढी जमीन असलेल्याला गावात लोक वाकून नमस्कार करतील, इथे ती छोटी शेती धरतात. बहुतेक कुरण, शंभरेक मेंढ्या आणि सहा हेक्टर गहू. नवरा शाळेत शिकवतो, मी एका दवाखान्यात हिशेब बघते. ऑक्टोबर 2024 मध्ये सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि स्वयंपाकघरातल्या फडताळावरच्या चार जाड फायली माझ्याकडे आल्या. "तू हिशेबातली आहेस, तुला जमेल," एवढंच ते म्हणाले.

पहिले दोन आठवडे नुसतं वाचत होते. परिस्थिती थोडक्यात अशी. युरोपीय संघात असताना इथल्या शेतकऱ्याला जमिनीच्या क्षेत्रफळावर थेट अनुदान मिळायचं. आमच्या भागात ते हेक्टरी सुमारे 233 पौंड होतं, म्हणजे आम्हाला वर्षाला 7,900 च्या आसपास. ब्रेक्झिटनंतर इंग्लंडने ते टप्प्याटप्प्याने कापायला घेतलं. क्षेत्रावर मिळणारं अनुदान 2023 मध्ये शेवटचं. 2024 पासून जुन्या सरासरीवर काढलेली, जमिनीशी संबंध तोडलेली एक रक्कम मिळते, तीही दरवर्षी घटत 2027 मध्ये संपणार. ऑक्टोबर 2024 च्या अर्थसंकल्पात कळलं की 2025 साठी पहिल्या 30,000 पौंडांवर 76 टक्के कपात. 7,900 चे राहिले 1,900. त्याच अर्थसंकल्पात शेतजमिनीवरच्या वारसा कराचीही घोषणा होती, आणि 19 नोव्हेंबरला लंडनमध्ये शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा निघाला. सासरे पाय उशीवर ठेवून टीव्हीवर तो बघत होते, मी शेजारी बसून बेरजा करत होते.

उरलेला खड्डा भरायचा मार्ग म्हणजे सस्टेनेबल फार्मिंग इन्सेंटिव्ह, सगळे एसएफआय म्हणतात. जमिनीच्या मालकीचे पैसे नाहीत, कामाचे आहेत. माती तपासा, कुरणात द्विदल मिसळा, बांधावरची जिवंत कुंपणं सांभाळा, आणि प्रत्येक कामाचा दर ठरलेला. करार तीन वर्षांचा, पैसे तिमाहीला.

अर्ज भरण्याआधी आपण कोण हे संगणकाला पटवावं लागतं. शेतीच्या व्यवसायाला नऊ आकडी एसबीआय क्रमांक असतो (स्टेट बँक नव्हे, सिंगल बिझनेस आयडेंटिफायर), आणि त्यात काम करणाऱ्या प्रत्येक माणसाला वेगळा सीआरएन, म्हणजे कस्टमर रेफरन्स नंबर. सासऱ्यांचे दोन्ही होते, पण त्यांच्या ऑनलाइन खात्यात शिरून मी अर्ज भरणं योग्य नाही. मी माझा सीआरएन काढला, मग सासऱ्यांनी आपल्या खात्यातून मला व्यवसायात जोडलं आणि परवानग्या दिल्या. इथे नीट बघा: परवानगीच्या पायऱ्या आहेत. नुसतं बघणे, बदल करणे, अर्ज सादर करणे हे सगळं वेगवेगळं, आणि जमिनीच्या तपशिलासाठी पुन्हा निराळं. सगळीकडे वरची पायरी मागून घ्या, नाहीतर ऐन वेळी 'सादर करा' हे बटणच दिसत नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा पासवर्ड वहीत कुठेतरी लिहिलेला असतोच. तो आधी शोधा.

डिसेंबर सगळा नकाशात गेला, आणि माझ्या मते हेच खरं काम. इथे सातबारा नाही, तलाठी नाही, पण रूरल पेमेंट्स एजन्सी या अनुदान वाटणाऱ्या सरकारी संस्थेच्या नकाशावर प्रत्येक शेताचा तुकडा आहे. त्याला दोन अक्षरं आणि आठ आकड्यांचा क्रमांक आहे आणि त्यात काय आहे याची नोंद आहे: कायम कुरण, पिकाखालची जमीन, झाडी, तळं, पक्कं आवार. एसएफआयचे पैसे या नोंदीवर ठरतात. जमिनीवर काय आहे त्यावरून नव्हे. आमच्या ओढ्याकाठच्या एका तुकड्यात पंधरा वर्षांपूर्वी काढून टाकलेला पत्र्याचा गोठा नकाशावर अजून उभा होता. दोन शेतांमधलं कुंपण सासऱ्यांनी कधीच पाडलं होतं, नकाशात ते होतं. अशा दुरुस्त्यांसाठी आरएलई1 नावाचा फॉर्म आहे. त्याला नकाशाची प्रत जोडायची, बदल रंगीत पेनाने दाखवायचा, क्षेत्रफळ हेक्टरमध्ये चार दशांश स्थळांपर्यंत लिहायचं. दुरुस्ती होऊन यायला दीड-दोन महिने धरून चाला. अर्ज भरायचा तेव्हा भरा, पण नकाशा आज उघडून बघा.

त्याच महिन्यात हेज मोजले. हेज म्हणजे शेताच्या बांधावरचं हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न, हेझलचं जिवंत कुंपण. काही शेकडो वर्षं जुनी आहेत. पैसे मीटरवर मिळतात आणि दोन्ही बाजू आपल्या असतील तर दोन्ही धरता येतात. रस्त्याकडेची किंवा शेजाऱ्याकडची बाजू कोणाची, हे ठरवताना मात्र गावाकडची बांधाची भांडणं आठवली. शेजारी भला माणूस, त्याने सांगितलं, "माझी बाजू मी कापतो, तुमची तुम्ही." तेवढंच वहीत तारखेसह लिहून घेतलं. एकूण भरले 3,400 मीटर.

जानेवारीत माती. माझ्या मनात होतं की एका टोकाला खड्डा खणायचा, पिशवी भरायची, झालं. तसं नाही. शेतात इंग्रजी डब्ल्यूच्या आकारात चालायचं आणि वाटेत पंचवीसेक ठिकाणी नळीसारखं अवजार दाबून मातीची कांडी काढायची. गव्हाच्या शेतात 15 सेंटिमीटर खोल, कुरणात साडेसात. सगळ्या कांड्या एका बादलीत मिसळायच्या आणि त्यातली मूठभर पिशवीत. गुरांच्या पाणवठ्याजवळ, फाटकापाशी आणि जुन्या शेणखताच्या ढिगाच्या जागी घ्यायची नाही, आकडे फुगतात. श्रॉपशरची ती चिकणमाती जानेवारीत नळीतून निघता निघत नाही. अंगठ्याने ढकलून बोटं बधीर झाली. नवऱ्याने शेवटी लाकडाची खुंटी तासून दिली, तिने कांडी एका धक्क्यात बाहेर. हातमोजे आणि खुंटी दोन्ही घेऊन जा. प्रयोगशाळेचा खर्च एका नमुन्याला वीस-तीस पौंड, सेंद्रिय द्रव्याची तपासणी धरून.

योजनेतलं आणखी एक काम म्हणजे खतांचा आढावा. तो मात्र स्वतः लिहून चालत नाही, फॅक्ट्स ही पात्रता असलेला सल्लागार लागतो. आमचे सल्लागार अर्धा दिवस फिरले, माझा हिशेब तपासला आणि चारशे पौंड घेतले. त्या एका कामाचे सरकारकडून वर्षाला 652 मिळतात, त्यामुळे तोटा नाही. पण पैसे आधी आपल्या खिशातून जातात, हे मनात धरून ठेवा.

आता हिशेब, कारण सगळे तेच विचारतात. खतांचा आढावा 652. माती तपासणी आणि आराखडा हेक्टरी 6 अधिक ठोक 97, आमच्या वीस हेक्टरांचे 217. ओढ्याकाठच्या उतारावर खत जवळजवळ न टाकता ठेवलेलं कुरण, हेक्टरी 151 प्रमाणे नऊ हेक्टर, 1,359. चांगल्या कुरणात क्लोव्हरसारखी द्विदलं राखणे, हेक्टरी 102, अकरा हेक्टरांचे 1,122. हेजची पाहणी दर शंभर मीटरला एका बाजूचे 5 आणि निगा राखण्याचे 13, दोन्ही बाजू मिळून 1,224. झाले 4,574. शिवाय कारभाराचा भत्ता पहिल्या वर्षी हेक्टरी 40, पुढे 20. म्हणजे पहिल्या वर्षी 6,000 च्या आतच. जुनं अनुदान भरून निघत नाहीच. तीन वर्षांची खात्री मिळते, एवढंच.

याहून जास्त मिळालं असतं. पक्ष्यांसाठी दाण्याचं मिश्रण पेरलं तर हेक्टरी 853 पौंड, फुलांचं मिश्रण 739. गव्हाच्या सहा हेक्टरांवर ते टाकलं असतं तर ट्रॅक्टरही न काढता गव्हाइतके पैसे आले असते. सासरे कबूल झाले नाहीत. "चांगल्या जमिनीत पीकच यायला हवं," म्हणाले. मी निफाडची, मला वाद घालवेना. अशा कामांवर एकूण जमिनीच्या 25 टक्क्यांची मर्यादा 2024 मध्ये आलीच होती, त्यामुळे सासऱ्यांचं म्हणणं सरकारलाही थोडं पटलं होतं म्हणायचं.

अर्ज फेब्रुवारीच्या सुरुवातीला सादर केला. प्रत्यक्ष भरायला एक संध्याकाळ पुरली, कारण सगळे आकडे कागदावर तयार होते. प्रस्ताव आला की स्वीकारायला दहा कामाचे दिवस मिळतात. ईमेल कचऱ्याच्या फोल्डरमध्ये जातो, रोज बघा. करार सुरू 1 मार्च 2025.

आणि 11 मार्चला संध्याकाळी बातमी आली की योजना त्याच दिवसापासून नव्या अर्जांना बंद. निधी संपला. बंद करण्याआधी सहा आठवड्यांची सूचना मिळेल अशी सगळ्यांची समजूत होती, ती मिळाली नाही. आमचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडलं होतं. तालुक्याच्या गावातल्या कॉफीच्या दुकानात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. पुढे मे महिन्यात सरकारने थोडं मागे येऊन, ज्यांनी बंद होण्याआधीच्या दोन महिन्यांत अर्ज सुरू केला पण सादर केला नव्हता त्यांना दार उघडलं, वर्षाला 9,300 पौंडांच्या मर्यादेसह. म्हणजे नुसता मसुदा उघडून ठेवलेल्यांनाही तो कामी आला. पुढच्या खेपेला अर्ज करणाऱ्यांनी यातून काय घ्यायचं ते स्पष्ट आहे: योजना उघडली की पहिल्या दिवशी मसुदा सुरू करा, विचार नंतर.

1 मार्च ही आणखी एका कारणाने मोठी तारीख. तेव्हापासून 31 ऑगस्टपर्यंत हेज कापायला बंदी, पक्ष्यांच्या विणीसाठी. हा कायदा अनुदानापुरता नाही, अनुदान न घेणाऱ्या शेतकऱ्यांनाही लागू आहे, आणि हेजच्या मध्यापासून दोन मीटर नांगर, खत, फवारणी काही नाही. हेज कापणारा ठेकेदार फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात देवासारखा दुर्मीळ होतो. त्याला नाताळाच्या आधी सांगून ठेवा.

मार्च-एप्रिल कोकरांचा. त्याबद्दल लिहायला बसले तर वेगळा लेख होईल. झोप नाही, एवढं पुरे. पण हवा सांगायला हवी. 2025 चा वसंत इंग्लंडमध्ये शंभर वर्षांत इतका कोरडा गेला नव्हता आणि उन्हाळा नोंदींमधला सर्वांत उष्ण. जुलैत आमचं कुरण मेच्या नगर जिल्ह्यासारखं दिसत होतं. निम्माच चारा कापला गेला, आणि ऑगस्टमध्येच हिवाळ्याचं वाळलं गवत खायला घालायची वेळ आली. क्लोव्हर तेवढं तग धरून होतं, त्यामुळे त्या 102 पौंडांच्या कामाबद्दल सासऱ्यांचं मत सुधारलं.

पहिली तिमाही रक्कम जूनमध्ये खात्यात आली. गंमत अशी की त्याच आठवड्यात पशुवैद्याचं बिल आलं. त्यासाठीही वेगळी योजना आहे: वीसहून जास्त मेंढ्या असतील तर वार्षिक आरोग्य पाहणीचे 2025 मध्ये 436 पौंड मिळत होते. पशुवैद्य येतो, जंतांचं औषध दिल्यावर लेंड्यांचे नमुने घेऊन औषध लागू पडतंय का ते बघतो. आमचं एक औषध लागू पडत नव्हतं, म्हणजे कित्येक वर्षं ते पैसे मातीत जात होते. अर्ज आधी, भेट नंतर, दावा शेवटी. हा क्रम उलटला तर पैसे मिळत नाहीत.

1 जुलैला ब्लूटंग या रोगासाठी सगळं इंग्लंड नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. चिलटांसारख्या बारीक चावऱ्या माश्यांमधून पसरणारा जनावरांचा रोग, माणसाला काही होत नाही. इंग्लंडच्या आत जनावरं हलवायला मोकळीक झाली, पण वेल्समध्ये न्यायची तर परवाना आणि तपासणी. आमच्यापासून वेल्स वीस मिनिटांवर, आणि वाढवायला कोकरं विकत घेणारे अर्धे लोक तिकडचे. जुलैच्या रॉयल वेल्श शोमध्ये इंग्लंडची जनावरंच नव्हती. 10 नोव्हेंबरला वेल्सही त्याच क्षेत्रात आलं आणि गोष्टी सुटसुटीत झाल्या, पण आमची शरदातली विक्री तोवर होऊन गेली होती. सीमेवर राहणाऱ्यांनी दोन सरकारांचे नियम वाचायची सवय लावून घ्यावी.

गहू ऑगस्टमध्ये निघाला, दुष्काळामुळे कमीच. युक्रेनच्या युद्धानंतर 2022 मध्ये टनाला 300 पौंडांच्या वर गेलेला भाव 2025 मध्ये 160 च्या घरात होता. इथे हमीभाव नाही. व्यापारी लंडनच्या नोव्हेंबर वायद्याकडे बघून फोनवर दर सांगतो, आपण हो म्हणायचं की थांबायचं. ओलावा 15 टक्क्यांच्या वर गेला की कपात. प्रत्येक गाडीबरोबर धान्याचा पासपोर्ट, म्हणजे मालाच्या माहितीचा कागद, जातो, त्यावर प्रमाणपत्राचा स्टिकर नसेल तर गिरणी गाडी परत पाठवते. स्टिकर संपत आलेत का ते कापणीच्या आधी बघा. मी निम्मा गहू लगेच विकला आणि निम्मा कोठीत ठेवला. लासलगावची सवय.

कोकरांचा बाजार सप्टेंबरात, आणि तिथे मी पहिल्यांदाच सासऱ्यांच्या जागी उभी राहिले. सकाळी सहाला ट्रेलर. प्रत्येक कोकराच्या कानात बिल्ला, आतल्या चिपमुळे यंत्र तो वाचतं. सोबत हालचालीचा कागद आणि कोणतं औषध कधी दिलं याचं निवेदन. औषध दिल्यानंतर थांबायची मुदत संपली नसेल तर कोकरू कत्तलीसाठी विकता येत नाही, वही घरी विसरू नका. लिलाव ऐकायला गेलात तर पहिल्यांदा काही कळणार नाही. आकडे एकमेकांत चिकटून येतात, खरेदीदार हात वर करत नाही, कोणी कॅटलॉग हलवतो, कोणी फक्त भुवई. माझ्या शेजारचा म्हातारा हळूच म्हणाला, "तू त्यांच्याकडे बघू नकोस, कोकरांना चालतं ठेव." तेच केलं. 42 किलोची कोकरं किलोला तीन पौंडांच्या थोडी वर गेली. पट्टीत बाजाराचं कमिशन, त्यावर व्हॅट, आणि डोक्यामागे 75 पेन्स एएचडीबी या शेती विकास मंडळाचा उपकर. शिवाय विकणाऱ्याने खरेदीदाराच्या हातात शुभशकुनाचे दोन-चार पौंड ठेवायची जुनी रीत आहे. नाणी खिशात असू द्या. आपल्याकडची आडत 2016 पासून शेतकऱ्याच्या पट्टीतून गेली, पण हमाली-तोलाई ओळखीची असल्याने मला ही पट्टी वाचायला कोणाची मदत लागली नाही.

त्याच महिन्यात नवा मेंढा आणला. नवं जनावर आलं की सहा दिवस शेतातून कोणतीही मेंढी किंवा गाय बाहेर हलवता येत नाही, थेट कत्तलखान्याला जाणारी सोडून. मेंढा कधी आणायचा आणि कोकरं कधी विकायची, हे एका कॅलेंडरवर लिहा.

ऑक्टोबरमध्ये शेजारच्या कोंबड्यांच्या शेडचं खत फुकट मिळत होतं. सासरे लगेच ट्रॅक्टर काढायला निघाले. आमचा ओढ्याकडचा भाग नायट्रेट संवेदनशील क्षेत्रात, म्हणजे खतातलं नायट्रेट पाण्यात उतरण्याचा धोका असलेल्या भागात येतो, आणि आमच्यासारख्या चिकण जमिनीत असं झटकन विरघळणारं खत गव्हाच्या शेतात 1 ऑक्टोबरपासून आणि कुरणावर 15 ऑक्टोबरपासून 31 जानेवारीपर्यंत टाकता येत नाही. साध्या शेणखताला ती बंदी नाही, कोंबडखताला आहे. ते आता ओढ्यापासून लांब ढीग करून ठेवलंय. दहा मीटरच्या आत ढीग लावता येत नाही.

आता पुढचं काम फेब्रुवारीत. कराराचं पहिलं वर्ष संपताना वार्षिक घोषणापत्र भरावं लागेल: सगळी कामं केली, पुरावे आहेत. म्हणून हेजचे फोटो प्रत्येक शेताच्या क्रमांकाने वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतेय, सल्लागाराचा आढावा आणि मातीचे निकाल स्कॅन झालेत. उरलाय फक्त ओढ्याकाठचा वरचा बांध. तिथे चिखल एवढा आहे की थंडी पडून जमीन गोठल्याशिवाय जाणार नाही.